तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

मेहर महिना, २४ तारीख, यझद

आज सायकल घेतली. तूबा मावशी म्हणाली, "या वयात?" मी छत्तीस वर्षांची आहे. मावशीच्या लेखी बाईचं वय लग्नापर्यंत मोजतात आणि त्यानंतर एकदम कबरीपाशी, मधलं काही धरत नाहीत.

सायकल जुनी आहे, हिरवी, जाड दांड्यांची. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लोंबणारी खुर्जी, म्हणजे थैल्यांची जोडी, अडकवता येते. दुकानदार खुस्रो म्हणाला, चहा घेता का. मी नको म्हणाले. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हणाले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा हो म्हणाले. तो कुरकुरत उठला.

"तीनदा विचारल्याशिवाय या गावात कुणाला तहानही लागत नाही."

"आणि तुम्ही पहिल्या दोन वेळा मनापासून विचारता वाटतं?"

"पहिल्या दोन वेळा किटलीत पाणीसुद्धा नसतं," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो.

पाठीवरची मोठी पिशवी माळ्यावर टाकली. तिच्या पट्ट्यांवर अजून घामाचे पांढरे डाग आहेत. मी आणि माझा धाकटा भाऊ किआरश, आम्ही वर्षानुवर्षं पाठीवर बिऱ्हाड घेऊन आणि रस्त्यात गाड्यांना हात दाखवून देश पालथा घातला. मी पुढे, तो मागे. त्याच्या पिशवीला बाहेरून पत्र्याचा पेला टांगलेला असायचा आणि तो चालताना बकलावर वाजायचा. मला कधी मागे वळून बघावं लागलं नाही. पेला वाजतोय म्हणजे तो आहे.

मेहर २६

चष्म्याच्या दुकानातून दोन आठवड्यांची रजा मिळाली. मालकांनी विचारलं, सायकलच का? मी म्हणाले, व्यायाम.

खरं कारण इथे लिहिते. दुसऱ्याच्या गाडीतून फिरणाऱ्याला आपण कुठे चढलो आणि कुठे उतरलो एवढंच माहीत असतं. मधला रस्ता ड्रायव्हरचा. मागच्याच्या मागच्या वर्षी इस्फंद महिन्यात, हिवाळा संपता संपता, किआरश एकटा निघाला. खरानकला एका ट्रकात बसला, तिथून आईला फोन केला की तबसला चाललोय, येताना संत्री आणतो. तो तबसला पोचलाच नाही. ट्रकवाल्याने पोलिसांना सांगितलं की मी त्याला सागंदच्या चहाच्या टपरीवर उतरवलं, दिव्यात, माणसांत. टपरीवर त्याला उतरताना कुणी पाहिलं नाही. सागंदभोवतीचा दगड न् दगड उलटून झाला. काही सापडलं नाही.

गेल्या वर्षी मी त्याचा फोटो घेऊन त्याच रस्त्याने गेले, तशीच, हात दाखवून. ज्या ट्रकात बसले त्यात मला झोप लागली. डोळे उघडले तेव्हा सागंदच्याही पुढचं पुश्त-ए-बादाम आलं होतं. मधला सगळा रस्ता, जिथे माझा भाऊ हरवला तो रस्ता, मी घोरत पार केला. त्याची लाज मला अजून वाटते. म्हणून सायकल. सायकलवर झोपता येत नाही.

मेहर ३०

गुडघे ओरडतायत आणि बसायची जागा तर विचारूच नका. खुस्रो म्हणाला, "गादीला दोष देऊ नका ताई, गादी तीच राहणार, तुम्हीच बदलाल." रोज झरतुश्ती टेकडीपर्यंत जाऊन येते. पोरं हुर्यो करतात. एका म्हाताऱ्याने थांबवून सांगितलं की त्याच्या तरुणपणी यझदमध्ये नवरदेवसुद्धा सायकलवरून यायचा, चालू द्या.

पिशवी नसल्याची मात्र सवय होत नाही. पाठीला वारा लागतो आणि पाठ सारखी मागे बघते.

आबान १

नवा महिना लागला, आज आईने पुन्हा आश केली. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की तिसऱ्या दिवशी शेवयांची घट्ट आश, म्हणजे डाळी-पाल्याचं सूप, करून शेजारी वाटायची, म्हणजे ते माणूस सुखरूप परत येतं. एकदाच करतात. आई दर महिन्याला करते. शेजारी वाडगा घेतात, "हात दुखू नयेत तुमचे" म्हणतात आणि दार लोटून घेतात. आमचं दार मात्र लोटलेलं नसतंच. तो गेल्यापासून आईने दाराला कडी घातलेली नाही. रात्री कधी आला आणि कडी वाजवायला संकोचला तर, असं तिचं म्हणणं. थंडीत घरात पाणी गोठतं. घर सोडून ती कुठे जात नाही, तिच्या भावाच्या लग्नाच्या पन्नाशीलाही गेली नाही.

तूबा मावशी आज स्पष्टच बोलली. "ताई, पुरे आता. हलवा कर त्याच्या नावाने. पोराला निजू दे."

हलवा म्हणजे आमच्याकडे मेलेल्यासाठी. पीठ तुपात भाजायचं, केशर, गुलाबपाणी घालायचं, त्या वासाने आत्म्याला कळतं की घरच्यांनी आपल्याला जाऊ दिलं.

 मावशी गेल्यावर आई माझ्याकडे वळली.

"तू चालली आहेस त्या रस्त्याने?"

"हो."

"तर येताना मला एवढंच सांग, मी काय शिजवायचं."

आबान ३

निघाले. आईने डोक्यावर कुराण धरलं, मी तीनदा त्याखालून गेले. मग, गेलेलं माणूस परत यावं म्हणून टाकतात तसं, तिने माझ्यामागे वाडगाभर पाणी टाकलं. सायकल कोपऱ्यापर्यंत गेल्यावर पुन्हा पाण्याचा आवाज आला. ओरडून म्हणाले, "आई, एक पुरे की!"

"तू तुझं पुढे बघ," ती म्हणाली.

रस्ता पहिल्यांदा सपाट, मग चढ, मग नुसता चढ. सायकल ढकलत, शिव्या देत, उजेड असेतो कशीबशी खरानकला पोचले. सरायच्या राखणदाराने दारात दोन पेले चहा आणून ठेवला. मी म्हणाले, मी एकटीच आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, म्हणाला, "हां, एकटी," आणि दुसरा पेला तिथेच ठेवून गेला. बाई एकटी सायकलवर येऊ शकते हे या लोकांच्या डोक्यात शिरतच नाही.

आबान ४

खरानक सोडल्यापासून मागे काहीतरी वाजतंय. टण्, थोडं थांबून टण्. उतरले, खुर्जी रिकामी केली, स्वयंपाकाचं भांडं मोज्यात गुंडाळलं, पंप दोरीने बांधला. पुन्हा बसले. टण्. खुस्रोला फोन केला.

"मडगार्डचा स्क्रू ढिला असेल."

"आवळला."

"मग दुसऱ्या बाजूचा."

"तोही आवळला."

"मग तुमच्या कानाचा स्क्रू बघा, ताई," म्हणाला. मेला.

उतारावर सायकल वेगात असते तेव्हा आवाज यायला हवा, खड्ड्यात यायला हवा. तेव्हा येत नाही. चढावर, मी उतरून ढकलत चालते, तेव्हा येतो. माझ्या पावलांच्या जरा मागे.

सायकलवरून जाताना सगळं दिसतं हे मात्र खरं. मेलेल्या कोल्ह्याचं शेपूट, एक लाल प्लास्टिकची चप्पल, दगडावर कुणीतरी खडूने लिहिलेलं "अख्तर, परत ये". प्रत्येक फडक्याजवळ थांबते. प्रत्येक वेळी पायाने उलटून बघते आणि प्रत्येक वेळी ते नुसतं फडकं असतं.

आबान ५, सागंद

चहाची टपरी गौहर बीबी चालवते, सत्तरीची बाई. गेल्या वर्षी परतताना तिला फोटो दाखवला होता, तो तिने ओळखला नव्हता, आज मलाही ओळखलं नाही. अंडी-टोमॅटो करून दोन ताटल्यांत वाढलं.

"बीबी, मी एकटी."

"तो मागचा जेवणार नाही?"

"कोण मागचा?"

"तो नाही का, लाजतोय. पिशवीवाला. ये म्हटलं तर नको-नको करतो. बोलव तूच."

मी बाहेर जाऊन पाहिलं. रस्ता रिकामा, दोन्हीकडे. परत येऊन तिच्या डोळ्यांत बघितलं. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे चढवून "आता दिसतं का?" विचारणं हाच माझा धंदा, त्यामुळे लगेच कळलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेले. तिला सांगितलं, यझदला या, डॉक्टरांची वेळ घेऊन देते. ती म्हणाली, "मला दिसायचं ते दिसतं, पोरी."

जेवण गेलं नाही. मोतीबिंदूवाल्यांना सावल्या दिसतात, त्यात नवल काही नाही. पण मला रडू आलं. दुसरी ताटली तशीच ठेवून, तोंड धुऊन निघाले. मुक्काम पुढे, एका जुन्या हौदाच्या आडोशाला. वारा वाढतोय.

आबान ७

दोन दिवसांचं आज लिहिते. खाणीतल्या कामगारांच्या तळावर आहे. 

काल दिवसभर समोरून वारा होता. ढकलत ढकलत, डोकं खाली घालून चालले होते, म्हणून ते दिसलं. मोठ्या रस्त्याला उजवीकडून खाणीची कच्ची वाट फुटते, तिथे मैलाच्या दगडाच्या आडोशाला पाण्याच्या बाटल्या. पुष्कळ. ओळीने नाही, एकमेकींवर कलंडलेल्या, उन्हाने पिवळ्या पडलेल्या, काही तडकून कोरड्या झालेल्या. सगळ्यांची बुचं घट्ट लावलेली. एक बाटली अगदी नवी. कुणीतरी इथे पाणी ठेवत होतं आणि कुणीच ते पीत नव्हतं. गाडीतून जाणाऱ्याला हा कचरा वाटेल. गेल्या वर्षी मी इथूनच झोपेत गेले.

पाय संपले होते. सायकल आडवी टाकून दगडाच्या दुसऱ्या बाजूला टेकून बसले. टण् आवाजही थांबला. दिवस कलला तेव्हा मोठ्या रस्त्यावरून रिकामा ट्रक आला आणि वळणावर थांबला. एक माणूस उतरला, टक्कल, पोट सुटलेलं, हातात पाण्याची बाटली. मी दगडामागे, त्याला दिसत नव्हते. तो बाटल्यांसमोर उभा राहिला आणि हवेशी बोलायला लागला.

"चल रे बाबा. आज तरी चल. बायकोने रस्सा केलाय, गरम आहे. माझ्या गळ्याची शपथ तुला."

मग थोडं थांबला, जणू कुणी उत्तर देतंय. मान हलवली. पुन्हा म्हणाला, "अरे त्रास कसला त्यात? चल म्हणतो ना."

मी उठून उभी राहिले. त्याने किंकाळी फोडली आणि मटकन खाली बसला.

मी म्हणाले, "मी किआरशची बहीण. माहरुख."

 तो माझ्या बुटांकडे बघत बोलला. त्याचं नाव हैदरकुली. पोलिसांत ज्याचा जबाब आहे, तोच.

"सागंदला नव्हतं उतरवलं, ताई. मी खोटं बोललो. इथे उतरवलं. मला खाणीकडे वळायचं होतं, त्याला सरळ जायचं होतं. वारा सुटला होता, आभाळ लाल झालं होतं. मी म्हटलं, चल माझ्याकडे, रात्रीचा राहा. तो म्हणाला, नको, तुम्हाला कशाला त्रास. मी पुन्हा म्हटलं. तो पुन्हा नको म्हणाला. हसत होता. थंडीने दात वाजत होते आणि हसत होता."

"मग?"

"मग काही नाही. मी निघून गेलो."

"तिसऱ्यांदा नाही विचारलंत?"

तो रडायला लागला, लहान पोरासारखा, नाक गळेपर्यंत. "तिसऱ्यांदा विचारलं असतं तर तो आला असता. म्हणूनच नाही विचारलं, ताई. खोलीत एकच गादी होती. सोळा तास गाडी चालवली होती मी. मला झोपायचं होतं."

मी त्याला मारलं. छातीवर, खांद्यावर, दोन्ही मुठींनी. तो हललासुद्धा नाही. मला त्याचा जीव घ्यावासा वाटत होता, आणि त्याच वेळी मला खुस्रोची रिकामी किटली आठवत होती. किआरशला मीच शिकवलं होतं लहानपणी, पहिल्यांदा विचारलं की लगेच हो म्हणायचं नाही, लोक काय म्हणतील. आमच्याकडे प्रत्येक पोराला हेच शिकवतात. याचं "चल" खरं नव्हतं आणि त्याचं "नको" खरं नव्हतं, दोघांनाही ते ठाऊक होतं, आणि तेवढ्यात माझा भाऊ गेला.

हैदरकुली पहाटे परत आला होता. कुणी नव्हतं. वाटलं, मिळाली असेल दुसरी गाडी. पोलीस आले तेव्हा घाबरला. पुढे उन्हाळ्यात त्याला खालच्या कोरड्या ओढ्यात, वाळूत पुरला गेलेला एक पेला सापडला, आणखी काही नाही. ओढ्याची वाळू दर वादळाला जागा बदलते. तो पेला त्याने ट्रकमध्ये आरशाला टांगला.

"दर खेपेला इथे उभा असतो. पिशवी पाठीला. मी थांबतो, विचारतो. तो नको म्हणतो, पुन्हा विचारतो, पुन्हा नको. तिसऱ्यांदा तोंड उघडतो तर समोर कोणी नसतं. पाणी ठेवून जातो."

त्याने पेला काढून आणला. पत्र्याचा, काठाला चेमटलेला. काझ्विनच्या बाजारात मीच घेऊन दिला होता. मी तो खुर्जीच्या बकलावर हळूच आपटून पाहिला. तोच आवाज. तीन दिवस माझ्यामागे येत होता तो.

म्हणजे तसाच. पत्र्याचे आवाज सगळे सारखेच असतात.

अंधार पडत होता. हैदरकुली उभा राहिला, डोळे पुसले.

"ताई, चला आमच्याकडे. बायको आहे घरी. तलअत. तिला मुद्दाम आणलंय गावाहून, मला एकट्याला झोप लागत नाही."

"नको," मी म्हणाले. सवयीने नाही, रागाने.

"चला ताई, थंडी पडेल."

"नको म्हटलं ना."

तो तिसऱ्यांदा बोलायला लागला आणि त्याचा आवाज फुटला. तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. "चल रे. तुझ्या आईची शपथ, चल. गादी तुझी. मी खाली झोपेन."

मला त्याच्याकडे बघवेना. केवळ त्याचं हे एकदाचं संपावं म्हणून म्हणाले, "येतो. दोघंही येतो."

त्याने सायकल मागे चढवली, ट्रकचं दार उघडलं आणि उघडं धरून ठेवलं, मी आत बसल्यावरसुद्धा, जरा वेळ.

 तलअत चार ताटल्या मांडूनच बसली होती. मला खोलीच्या आतल्या बाजूला गादी घातली. शेजारी दुसरी हैदरकुलीने स्वतः घातली, उशी दोनदा झटकून. स्वतः तो दाराशी चटईवर पडला आणि लगेच घोरायला लागला. तलअत माझ्या कानात म्हणाली, "तळावर आल्यापासून हे घोरणं पहिल्यांदाच ऐकतेय."

सकाळी उठले तेव्हा दुसऱ्या गादीवर मधोमध खड्डा पडला होता आणि उशी चेपली होती. मांजर झोपलं असणार. तळावर मांजरं पुष्कळ आहेत.

हैदरकुली आज खाडा करून सागंदच्या चौकीवर जबाब बदलायला गेलाय. म्हणाला, ताई, तुम्ही सोबत आला नाहीत तरी चालेल, मी जाईन. मी विश्वास ठेवला. त्याला माफ केलं का, मला सांगता येत नाही. आज तरी नाही.

आबान ७, दुपारी

फोनला रेंज फक्त टेकडीवर येते, तलअत म्हणाली. पेला खुर्जीच्या बकलाला बाहेरून बांधला, सायकल ढकलत वर नेली. वाटेत खड्डे, दगड. पेला एकदाही वाजला नाही. मुद्दाम सायकल हलवून पाहिली, नाही. तो आवाज मडगार्डचाच असणार, आता बसला असेल जागेवर. खुस्रोला सांगायला हवं.

आईने पहिल्याच घंटीला उचलला.

"आई, किआरश सागंदला उतरलाच नव्हता."

मी सगळं सांगितलं. वळण, लाल आभाळ, ओढा, पेला. मध्ये ती एकदाच बोलली.

"त्या माणसाने तिसऱ्यांदा विचारलं का?"

"तेव्हा नाही. काल विचारलं."

"मग?"

मला काय सुचलं माहीत नाही. मी म्हणाले, "मग तो आला, आई. जेवायला वाढलं त्याला. गादी घातली. ऊब होती खोलीत."

 तिचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, आता ती म्हणेल की मला खोटं सांगू नकोस.

"बरं झालं," आई म्हणाली. "परक्या गावात उघड्यावर नको होता तो." मग म्हणाली, "थांब, फोन ठेवू नकोस," आणि मला तिची पावलं ऐकू आली, अंगणातून, दारापर्यंत. मग कडी. गंजली होती, तीनदा ढकलावी लागली. मग पावलं परत, मग स्वयंपाकघरात कढई खाली ठेवल्याचा आवाज.

"पीठ भाजायला घेतेय," ती म्हणाली. "हे मध्येच सोडता येत नाही, करपतं. तू बोलत राहा."

"काय बोलू?"

"रस्ता सांग. तो कुठून कुठून गेला, ते मला कधी कुणी सांगितलंच नाही."

पळी कढईत फिरत होती. मी खरानकपासून सुरुवात केली. पहिला चढ, कोल्ह्याचं शेपूट, लाल चप्पल, दगडावरची अख्तर, मधलं सगळं.